धाकटीची वीस मिनिटं

दोनच मुली, म्हणून घरात एक थोरली आणि एक धाकटी. थोरली लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, सहा वर्षांपूर्वी आईही गेली, पण धाकटी एकतीस वर्षांची झाली तरी धाकटीच राहिली. कामाच्या ठिकाणीही तिचं हेच नाव पडलं होतं, कारण वडील दिवसातून दोनदा तरी तिथे फोन लावायचे आणि जो उचलेल त्याला हक्काने सांगायचे, "जरा आमच्या धाकटीला बोलवा."

कामाचं ठिकाण म्हणजे दातांची लॅब. गावातल्या बारा-पंधरा दवाखान्यांतून पेशंटच्या दातांची मापं तिथे यायची. त्या मापात प्लास्टर ओतून साचा करायचा, साच्यावर मेणाचा दात घडवायचा आणि भट्टीतून निघालेली कॅप घासून, शेजारच्या दातांशी रंग जुळवून डबीत ठेवायची, हे धाकटीचं काम. सगळा खेळ नजरेचा आणि बोटांचा. केसभर जास्त घासलं गेलं की मुसळ केरात. वर दवाखान्यांचे फोन चालूच: चार वाजता पेशंट खुर्चीत बसतोय, कॅप निघाली का? वडिलांना मात्र तिच्या कामाचा कोण अभिमान. भेटेल त्याला सांगायचे, "लोक एकमेकांचे दात घशात घालतात, आमची धाकटी तोंडात घालते."

वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या विहिरीत, बॅटरीच्या उजेडात, एकट्याने काढली होती. बोलायला तिथे कोण? तारा आणि ग्रीस. त्याची सगळी भरपाई निवृत्तीनंतर सुरू झाली. चष्मा कुठे ठेवला, पेपरात काय आलंय, समोरच्या गच्चीत कबुतरं किती, सगळं त्यांना धाकटीला सांगायचं असायचं, आणि तेही ती दुसऱ्या खोलीत असताना. "अगं, ऐकलंस का?" ही त्यांची हाक सकाळी डोळा उघडल्यापासून सुरू व्हायची.

धाकटी ऐकायची. पाच वर्षं ऐकलं. मग एका सकाळी, आधीच बस चुकत होती, एका हातात डबा आणि एका हातात किल्ल्या, आणि तिसऱ्यांदा हाक आली, तशी ती दारातून ओरडली, "बाबा, जरा गप्प बसा हो! तुमचा आवाज ऐकला की डोकं उठतं माझं!"

वडील खरंच गप्प बसले. पेपराची घडी घालून मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. धाकटी बसमध्ये बसली खरी, पण तिच्या डोळ्यांपुढून ती घडी हलेना. त्या दिवशी तिने एका बाईंच्या पुढच्या दाताची कॅप घासता घासता पार कागदासारखी करून टाकली. शेजारच्या टेबलावर भट्टी सांभाळणारी मैत्रीण होती, सगळे तिला भट्टीवालीच म्हणायचे. तिने ती कॅप उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "ह्याच्यातून तर पलीकडचं दिसतंय. रविवारी माझ्याबरोबर चल."

भट्टीवाली तिला घेऊन गेली ती एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. खोलीत काही म्हणजे काही नव्हतं. पांढरी भिंत, अकरा उशा आणि एक पितळी घंटी. झेन पद्धतीने ध्यानाला बसणारी दहा-बारा माणसं दर रविवारी तिथे जमायची, बहुतेक सगळी पंचवीस ते पस्तिशीतली आणि बहुतेकांच्या डोळ्यांखाली काळं. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. जन्मभर टायपिंगचे क्लास घेतलेल्या, त्यामुळे बोलणं मोजकं आणि एकसारखं, जणू प्रत्येक शब्दानंतर जागा सोडायची असते.

"भिंतीकडे तोंड. पाठ सरळ. डोळे अर्धे उघडे," बाई म्हणाल्या. "श्वास मोजायचा. एक ते दहा, परत एक. आवाज येतील, येऊ द्या. जातील, जाऊ द्या. हलायचं नाही."

खालून झेरॉक्सच्या मशीनची घरघर येत होती. धाकटी त्या दिवशी एकदाही चाराच्या पुढे पोचली नाही. पण परतताना बसमध्ये तिला जाणवलं की दात आवळलेले नाहीत. दुसऱ्यांच्या दातांवर जगणाऱ्या बाईला हे स्वतःच्या तोंडाबद्दल कधी कळलंच नव्हतं.

बाईंचा एकच आग्रह असायचा. "रविवारी इथे बसून आठवडाभर काहीच न करणं म्हणजे रविवारी जेवून आठवडाभर उपाशी राहणं. रोज बसा. वीस मिनिटं."

वीस मिनिटं म्हणायला किती असतात? पण धाकटीला ती कुठे सापडेनात. बसमध्ये बसून पाहिलं, तर तीन स्टॉप पुढे गेली. लॅबच्या मागच्या खोलीत प्लास्टरच्या पोत्यावर बसून पाहिलं, तर मालकांना वाटलं हिला चक्कर आली, आणि त्यांनी तोंडावर पाणी मारलं. संध्याकाळी घरी आल्यावर तर प्रश्नच नव्हता; दिवसभराचं साठलेलं सांगायला वडील दारातच उभे. शेवटी तिने सकाळी सहा चाळीस ते सात ही वेळ ठरवली, आपल्या खोलीचं दार लावून. आणि वडिलांना समोर बसवून सांगितलं.

"बाबा, एवढी वीस मिनिटं मला हाक मारायची नाही."

"बरं. पण घराला आग लागली तर?"

"तर मारा."

"आणि गॅस संपला तर?"

"तर नाही."

"म्हणजे आग लागली तरच."

"हां. आग लागली तरच."

वडिलांनी मान डोलावली. चाळीस वर्षं नियमाप्रमाणे मेन स्विच बंद केल्याशिवाय तारेला हात न लावणारा माणूस तो. दुसऱ्या दिवसापासून सहा चाळीसला त्यांनी तोंड मिटलं ते मिटलं. मनात येईल ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवायचे आणि सातच्या ठोक्याला चिठ्ठी घेऊन दाराबाहेर हजर. "एक, दूधवाल्याने उशीर केला. दोन, गुडघा आज बरा आहे. तीन, काय लिहिलंय तेच लागत नाहीये." धाकटी हसत बाहेर यायची. आणि तिला खरंच हसू यायचं, हे महत्त्वाचं. चार-पाच महिन्यांत तिच्या आवाजाची धार गेली. कॅपा बिघडायच्या थांबल्या. थोरली फोनवर म्हणाली, "बाबा तुझं नुसतं कौतुक करत असतात. धाकटी ध्यानाला बसते म्हणून आख्ख्या जिन्याला सांगून झालंय म्हणे."

तो गुरुवार होता. धाकटी बसली होती. बाहेर वडील आंघोळीला गेल्याचं तिला कळलं, नळ सुटला, बादली भरली. श्वास सहावर होता. तेवढ्यात न्हाणीघरातून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ प्लास्टिकचा मग गडगडत गेला.

आवाज आला. जाऊ दे. सात.

इथपर्यंत कुणीही तिला बोल लावला नसता. पण धाकटीला जे पुढे आयुष्यभर खात राहिलं ते ह्याच्यानंतरचं होतं. आठवर तिला कळलं होतं. पाण्याने भरलेली बादली आपटल्याचा आवाज असा नसतो, त्याच्यामागून पाणी येतं. इथे मागून काहीच आलं नाही. नळ तसाच चालू राहिला. एक मन म्हणालं, ऊठ, आणि त्याच क्षणी दुसरं मन म्हणालं, हे रोजचंच आहे, काहीतरी पडलं असेल, हाक तर आली नाही ना? आज पहिल्यांदाच श्वास असा एका धाग्यासारखा लागलाय. तुझ्या दिवसातली हीच तेवढी वीस मिनिटं तुझी आहेत. नऊ. दहा. परत एक.

मग थोड्या वेळाने टक् टक्. फरशीवर बोटाने वाजवल्यासारखं, अगदी हलकं. दोनदा. तेही तिने जाऊ दिलं.

सातला फोनवरचा गजर वाजला. दाराबाहेर चिठ्ठी घेऊन कोणी नव्हतं. मग मात्र ती धावली.

वडील न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर कुशीवर पडले होते. एक पाय भलत्याच दिशेला, ओठ निळसर, अंगावर शहारे. नळ वाहत होता. तिला बघून ते म्हणाले, "झालं तुझं?"

"बाबा! अहो हाक का नाही मारलीत?"

"आग कुठे लागली होती?" ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी नियम पाळला होता, एवढंच.

खालची शाळेची बस रोज सहा पन्नासला हॉर्न वाजवते. पडल्याचा आवाज त्या हॉर्नच्या जरासा आधी आला होता. म्हणजे दहा मिनिटं, कदाचित अकरा. हा हिशोब तिने ॲम्ब्युलन्समध्येच केला, आणि पुढे किती वेळा केला ह्याला गणती नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात तरुण डॉक्टर कागद भरत उभा होता. त्याने विचारलं, "पडले तेव्हा घरात कोण होतं? किती वेळ पडून होते?"

धाकटीच्या तोंडून शब्द आपसूक बाहेर आले. "मी खाली दूध आणायला गेले होते. दोन-चार मिनिटं असतील."

बोलून झाल्यावर तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांचं दुखणं इतकं होतं की डोळे उघडत नव्हते. पण ते पुटपुटले, "हो. दूध आणायला." आणि त्या क्षणापासून ते खोटं दोघांचं झालं. बापाने स्ट्रेचरवरूनही लेकीला पाठीशी घातलं होतं, आणि धाकटीला वाटलं, ह्यापेक्षा त्यांनी मला सगळ्यांदेखत मुस्काटीत मारली असती तर बरं झालं असतं.

थोरली दुपारपर्यंत पोचली. ऑपरेशन नीट पार पडलं. थोरलीने बाहेरच्या बाकावर धाकटीला कुशीत घेतलं आणि रडत म्हणाली, "तू आहेस म्हणून मी तिकडे निर्धास्त झोपते गं. नाहीतर त्यांना कोण होतं?" मग तिने सगळ्या नातेवाइकांना फोन केले आणि प्रत्येकाला तेच सांगितलं, की धाकटी होती म्हणून निभावलं. आत्याने तर धाकटीला फोनवर बोलावून घेतलं. "लेक असावी तर अशी," आत्या म्हणाली. धाकटी "हो आत्या" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? गरम तव्यावर हात ठेवायचा आणि तोंडाने छान वाटतंय म्हणायचं, तशातली गत.

वडील वॉकर घेऊन घरी आले. धाकटीने उशी माळ्यावर टाकली, आपल्या खोलीच्या दाराची कडी स्क्रू काढून उतरवली. रविवारच्या खोलीकडे ती फिरकली नाही. भट्टीवालीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचं सोडून दिलं. आता घरात जरा खुट्ट झालं की धाकटी उडून उभी. वडील नुसते खोकले तरी, "काय झालं बाबा?" चमचा पडला तरी, "काय झालं बाबा?" न्हाणीघराच्या दाराला ती खुर्ची लावून बसायची आणि दर अर्ध्या मिनिटाला आत हाक मारायची. लॅबमधून दिवसात आठ-आठ फोन. पूर्वी वडील तिला करायचे, आता उलटं झालं.

"अगं, मी मेलो तर कळवीन की तुला," एकदा वडील वैतागून म्हणाले. तिला हसू आलं नाही.

रात्रीच्या झोपेचं सोडाच, पण कामातही तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका आजोबांची पूर्ण कवळी करायची होती. वरची पंक्ती घडवताना तिच्या मनात सारखं येई की हे आजोबा पडले तर हाक मारतील का. कवळी तीनदा परत आली. मालक म्हणाले, "दिवस असतात असे." त्यांचा चांगुलपणाही तिला बोचला.

आठ आठवडे असे गेले. एका रविवारी दुपारी ती वडिलांकडून पायाचा व्यायाम करून घेत होती. पाय दहा वेळा उचलायचा, दहा वेळा खाली. सातव्या खेपेला ते थांबले.

"तू बसत नाहीस हल्ली," ते म्हणाले.

"वेळ नसतो."

"वेळ तेव्हाही नव्हता." ते जरा थांबले. "माझ्यामुळे सुटलं तुझं. मी नीट धरून उभा राहिलो असतो, तर काही झालं नसतं. एवढी चांगली सवय लागली होती तुला. ते मला लागून राहिलंय बघ."

धाकटीने त्यांचा पाय हळूच खाली ठेवला. आठ आठवडे हा माणूस स्वतःला दोष देत बसला होता! आता मात्र तिला राहवेना.

"बाबा, मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"तुम्ही पडलात तो आवाज."

"मग?" त्यांनी विचारलं. गोष्ट ऐकणारा माणूस विचारतो तसं, मग पुढे काय झालं?

"मग मी बसून राहिले. तुम्ही फरशीवर वाजवलंत तेही ऐकलं. मला वाटलं, नव्हे, मला कळलं होतं. तरी नाही उठले."

वडिलांनी पाय स्वतःच्या हाताने सरळ केला. मग म्हणाले, "मला वाटायचं, तू तिथे बसलीस की तुला इकडचं काही ऐकूच येत नाही."

"येतं, बाबा. सगळं ऐकू येतं."

"तेवढ्याच आधारावर पडून होतो मी," ते म्हणाले. "थंडी वाजत होती. म्हटलं, तिला ऐकू येत नाहीये. आलं असतं तर आली असती."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. उरलेल्या तीन वेळा पाय उचलायचा राहिलाच.

त्यानंतरचे दोन दिवस धाकटी जन्मात विसरणार नाही. वडील भांडले नाहीत, जेवण टाकलं नाही. फक्त बोलले नाहीत. पाणी हवं का, तर मान. औषध घेतलंत का, तर मान. जो आवाज ऐकून तिचं डोकं उठायचं, तो आवाज घरातून उठून गेला. सोमवारी सकाळी तिने मुद्दाम चष्मा दिवाणाखाली सारून ठेवला, की विचारतील तरी. त्यांनी वॉकरच्या टोकाने तो ओढून काढला आणि न बोलता डोळ्यांवर चढवला.

बुधवारी सकाळी ती पोळपाट पुसत असताना बाहेरून आवाज आला. "समोरच्या इमारतीतल्या लिफ्टचं दार ऐक. कसं वाजतंय. कुणीतरी रोलरला तेल घातलेलं नाही." धाकटी फडकं हातात घेऊन बाहेर आली आणि दारातच उभी राहून रडली. वडील म्हणाले, "तेल घातलं की थांबेल ते," आणि पेपर उघडला. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत. तिचीही मागायची हिंमत झाली नाही.

त्याच संध्याकाळी तिने थोरलीला फोन करून सगळं सांगितलं. थोरलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिचा बांध फुटला. "पडलेल्या म्हाताऱ्याला तू मिनिटं मोजत ठेवलंस? आणि मी मूर्ख, सगळ्या गोतावळ्यात तुझे गोडवे गात फिरले! न उठणं एक वेळ समजू शकते मी, धाकटे. पण डॉक्टरांना खोटं? मला खोटं?"

"चुकलं, ताई."

"चुकलं म्हणून झालं का?" थोरलीने फोन ठेवला. शनिवारी ती गाडी घेऊन आली आणि वडिलांना महिनाभरासाठी आपल्याकडे घेऊन गेली. जाताना धाकटीशी जेवढ्यास तेवढं बोलली. औषधांची यादी, एक्स-रे, बस्स.

घर रिकामं झालं. आता सकाळच्या वीस मिनिटांचं काय, अख्खा दिवस धाकटीचा होता. पूर्वी ह्याच शांततेसाठी तिने काय काय केलं होतं! पहिल्या सकाळी ती सहा चाळीसला जागी होऊन खाटेवर बसून राहिली. माळ्याकडे पाहिलं, उशी काढली नाही. दुसऱ्या रविवारी मात्र ती बाईंकडे गेली, सगळे गेल्यावर, आणि त्यांच्यापुढे बसून अथपासून इतिपर्यंत सांगितलं. मनात होतं, बाई धीराचे दोन शब्द बोलतील, किंवा निदान नीट रागावतील तरी.

बाईंनी विचारलं, "हलायचं नाही, असं तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"हो," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच सांगते. पस्तीस वर्षं सांगतेय." त्या आपल्या हाताच्या बोटांकडे पाहत राहिल्या. "हलायचं नाही म्हणजे दगड व्हायचं नाही, हे मला वाटलं सांगावं लागत नाही. सांगायला हवं होतं. ह्यातलं थोडं माझ्याकडे दे."

"नाही बाई. मला कळत होतं. कुणी सांगायची गरज नव्हती."

"मग ते तुझ्याकडेच राहील," बाई म्हणाल्या. "ते बाहेर ठेवून बसता येणार नाही. त्याला घेऊनच बस."

"आणि ते गेलं नाही तर?"

"नाही जायचं कदाचित." बाई उठल्या आणि उशा एकावर एक रचू लागल्या. धाकटीने अर्ध्या रचल्या. पुढच्या रविवारी दोन नवी मुलं आली होती. बाईंनी त्यांना पाठ, डोळे, श्वास सगळं नेहमीसारखं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "हलायचं नाही. पण घरात कोणी पडलं, कोणी रडलं, दूध उतू गेलं, तर उठायचं. श्वास कुठे पळून जात नाही." मुलं हसली. धाकटी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला हसता आलं नाही.

महिन्याने थोरलीने वडिलांना आणून सोडलं. तिकडे त्यांना करमलंच नव्हतं. नातवंडं शाळेत, जावई कामावर, आणि थोरलीच्या इमारतीत लिफ्टही नवी, कधी बिघडायची नाही. काठीच्या आधाराने ते आता चालत होते, पण डावा पाय जरासा ओढत. डॉक्टर म्हणाले, एवढं राहील. थोरलीने निघताना धाकटीचे केस कानामागे सारले, लहानपणी सारायची तसे. मग दर संध्याकाळी फोन करायला लागली, आणि वडिलांशी बोलून झालं की आता धाकटीशीही बोलायची.

धाकटी परत बसायला लागली ती वडिलांच्या खोलीत, त्यांच्या खाटेशेजारी. दार सताड उघडं. कधी पाच मिनिटं होतात, कधी नऊ. मध्येच पाणी हवं असतं, मध्येच खिडकी लावायची असते. उठायचं, द्यायचं, परत येऊन एकपासून सुरू करायचं. वडिलांनीही एकदा खुर्चीत बसून श्वास मोजून पाहिला. तीनवर घोरायला लागले. काही सकाळी मात्र तिच्या कानात ते टक् टक् येतं, आणि मग कितीही मोजलं तरी ती त्याच फरशीपाशी असते.

परवाचीच गोष्ट. ती बसायला उशी मांडत होती. वडील चहाचा कप हातात धरून म्हणाले, "मी परत पडलो तर?"

"उठेन मी, बाबा."

"आणि नाही उठलीस तर?"

त्यांनी ते सहज विचारलं होतं, तारेत वीज आहे का हे तपासावं तसं. धाकटीने हातातली उशी खाली ठेवली. नक्की उठेन असं एका दमात म्हणायचा हक्क आपल्याला राहिलेला नाही, हे तिला माहीत होतं.

"तर ओरडा," ती म्हणाली. "आगबिग काही बघू नका. जोरात ओरडा."

"कसं?"

"ओरडून दाखवा."

वडिलांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "अगं ए."

"ही हाक झाली? हे तर खाकरणं झालं."

"आता ह्या वयात..."

"बाबा, ओरडा."

तेव्हा त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि अशी आरोळी ठोकली की खिडकीतली कबुतरं उडाली. पाच-सहा क्षणांत जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात उभे, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा. "काका! काय झालं? पडलात का?"

"नाही हो," वडील जरा ओशाळून म्हणाले. "सराव चाललाय."

"कसला सराव?"

वडिलांनी धाकटीकडे पाहिलं. दुधाचं कारण अजून जिनाभर तसंच होतं. त्या गृहस्थांनाही तेच ठाऊक होतं. वडिलांनी तोंड उघडलं, काहीतरी वेळ मारून न्यायला, हे तिच्या लक्षात आलं.

"मागच्या वेळी बाबा पडले तेव्हा मी घरातच होते," धाकटी म्हणाली. "दूध आणायला गेले नव्हते. मला ऐकू आलं होतं, तरी मी उठले नाही. म्हणून त्यांना ओरडायला शिकवतेय."

गृहस्थांनी वस्तरा खाली केला. गालावरचा फेस ओघळून त्यांच्या बनियनवर पडला. "बरं," ते शेवटी म्हणाले. "पण आवाज आला हो वरपर्यंत. चांगला आला." आणि एकेक पायरी मोजल्यासारखे सावकाश वर गेले.

धाकटी खाटेच्या कडेवर बसली. वडिलांनी कप उचलून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप तिच्यापुढे धरला. "गार झाला," ते म्हणाले. तिने चहा गरम करून आणला. त्या दिवशी ध्यानाला बसायचं राहूनच गेलं, आणि बसही चुकली.